नावेतलं पोर

जत्रेचा तिसरा दिवस म्हणजे घरच्यांचा दिवस. गोड नैवेद्य झाला, खारा झाला, पाहुणे रश्शाचे डबे घेऊन आपापल्या गावांना गेले. मागे राहिली घरची माणसं, अंगणातल्या तीन दगडांच्या चुलीवरची राख आणि लालासाहेबांचा आवाज. पै-पाहुण्यांपुढे हा आवाज त्यांनी दोन दिवस कसाबसा आवरून धरला होता. तिसऱ्या दिवशी त्याची भरपाई व्हायची, हे घरात सगळ्यांना ठाऊक होतं.

"तर मग ठरलं," सोप्यात लोडाला टेकून ते म्हणाले. "उद्या सकाळी माणूस येतोय फक्की टाकून पाया आखायला. मुक्त गोठा खालच्या पट्टीत, नदीला लागून. पाणी जवळ, वैरण जवळ. पावसाळ्यात आपण समदी माळावरच्या खोल्यांत जाऊ. आन् खाली जनावरांजवळ रव्या हायच की."

'रव्या हायच की' हे वाक्य या घरात छत्रीसारखं वापरलं जायचं. आभाळ आलं की कुणी ना कुणी ते उघडायचंच. एकोणीस सालचा पूर आला तेव्हा रविराज खाली राहिला. एकवीस साली राहिला. मध्येच त्याचे वडील गेले, तरीही पुढच्या पावसाळ्यात तोच राहिला. गावात सांगायचे, कृष्णामाई उंबऱ्याला लागली तरी हा गडी नदीकडं पाठ करून खुशाल बसलेला असतो.

आत्ता तो खांबाला टेकून सुपारी कातरत होता. चुलत्याचं बोलणं संपल्यावर त्यानं मान हलवली. हो म्हणून हलवली की नुसतीच हलवली, हे त्याचं त्यालाही सांगता आलं नसतं.

समोर उशीला पाठ लावून बसलेल्या सृष्टीनं ते पाहिलं आणि तिचा धीर खचला. तिला सातवा लागला होता. जत्रा झाली की ती पहिल्या बाळंतपणाला मेढ्याला, माहेरी जाणार होती. दिवस भरणार ऐन श्रावणात, म्हणजे तिकडे घाटात दरडी आणि इकडे नदी. तिनं नवऱ्याकडे एकच मागितलं होतं. फक्की पडायच्या आत आबांना, म्हणजे लालासाहेबांना, सांगा, 'गोठा माळावर बांधा, मी पावसात खाली राहणार नाही.' सांगतो म्हणाला होता. जत्रेच्या पहिल्या दिवशी म्हणाला होता, कालही म्हणाला होता.

घरात कुणाला माहीत नव्हतं ते तिला माहीत होतं. गेल्या पावसाळ्यात पाणी घाटाच्या पायऱ्या चढत असताना ती जेवणाचा डबा घेऊन गोठ्यात गेली होती. रविराज नदीकडे पाठ करून बसला होता, गाव सांगतं अगदी तसाच. फक्त गावानं त्याला लांबून पाहिलं होतं आणि तिनं जवळून पाहिलं. एका गाईचं दावं त्यानं दोन्ही हातांनी आवळून धरलं होतं आणि डोळे मिटून घेतले होते. तिनं विचारलं तेव्हा म्हणाला, "काय न्हाई, असंच."

"आरं, जाता कुठं समदी? गोष्ट व्हायचीया अजून," हरणाबाई आतून हात पुसत आल्या. लालासाहेबांच्या त्या मालकीण, घरात सगळ्यांच्या थोरल्या आई. "गोष्टीबिगर जत्रा सरती व्हय?"

गोष्ट म्हणजे पाच सालच्या पुराची. दरवर्षी तिसऱ्या दिवशी ती व्हायचीच, आणि प्रत्येकाचा तुकडा ठरलेला असायचा. नव्या सुनेनं गेल्या वर्षी ती भांडी घासता घासता अर्धीमुर्धी ऐकली होती. यंदा तिला भांड्यांना हात लावू दिला नव्हता, त्यामुळे ती पहिल्यांदाच अथपासून इतिपर्यंत ऐकायला बसली.

लालासाहेबांनी सुरुवात केली. सकाळी ते आणि त्यांचा धाकटा भाऊ, म्हणजे रविराजचे वडील, मोठी जनावरं हाकत माळावर गेले, आणि माघारी येईपर्यंत रस्ता पाण्यात गेला. "मी तिथं न्हवतो. पण समदं माझ्या डोळ्यापुढं हाय," ते म्हणाले. पुढचा बराचसा भागही मग त्यांनीच सांगितला. जो तिथं नव्हता त्याला अडवणार कोण!

हरणाबाईंनी त्यांच्या तोंडून गोष्ट काढून घेतली. "घरात आमी दोघी जावा आन् ही दोन पोरं. गाय आदल्या दिशी व्यालेली. गाय गेली ह्यांच्यासंगं, वासरू ऱ्हायलं. मग लुगड्यात गुंडाळून त्याला स्लॅबवर नेलं. जिना चढताना मुतलं माझ्या अंगावर."

सगळे हसले. इथं हसायचंच असायचं.

मग क्रांतीची पाळी. रविराजची आई दाराच्या चौकटीत बसली होती. थोरल्या दिरासमोर ती सोप्यात बसत नसे, पदरही डोक्यावरून ढळू देत नसे. नवरा गेल्यापासून तर घरातल्या कुठल्याच विषयात ती तोंड घालत नसे. वर्षातून एकदा, या गोष्टीपुरतं, ती चौकटीतून बोलायची.

"नाव आली," ती म्हणाली. "लहान नाव. नाववाला म्हणला, एक बाई आन् एक पोर, बास. आक्का म्हणल्या तू जा. मी बसले. मांडीवरचं पोर लागलं बोंबलायला. हात पाय झाडतंय, नाव हलतीया. नाववाला वरडला, पोराला धरा न्हाईतर समदी बुडू. मी गच्च धरलं, तर ह्यो असा चावला," तिनं दंडावरची बाही किंचित वर केली. तिथं पांढरट व्रण होता.

"धैर्या लय रडका हुता," लालासाहेब म्हणाले.

धैर्यशील, त्यांचा मुलगा, सैन्यातून सुट्टीवर आला होता. तो खाली मान घालून हसला. या गोष्टीत त्याचा स्वतःचा तुकडा नव्हता. कुणी विचारलं तर तो म्हणायचा, मला काय कळत होतं तवा. रविराजपेक्षा तो दोन वर्षांनी मोठा होता, हे कुणाच्या लक्षात यायचं नाही.

"आता रव्या. सांग रं."

रविराजनं सुपारी खाली ठेवली. हा तुकडा तो लहानपणापासून सांगत आला होता, अगदी झोपेतही सांगितला असता. "स्लॅबवर वासरू. त्याच्या गळ्याला मिठी मारून पोर बसलंय. चड्डी मागनं उसवलेली. समदा देखावा नदीला. थोरली आई वरडतीया, ऊठ, दुसरी नाव येतीया. पोर काय उठंना. आन् मग नाववाल्याला म्हणतंय…"

"वासरू येत असंल तर मी येतो!" सगळे एका सुरात म्हणाले. धैर्यशीलही म्हणाला.

"आन् नाववाल्यानं आणलं की वासरू," लालासाहेबांनी मांडीवर थाप मारली. "सून, आता ह्यातलं खरं काय ते ऐक. हिनं आपलं पोर घिऊन पळ काढला न्हाई. माझं पोर हिच्या मांडीवर, हिचं पोर आमच्या हिच्याजवळ. आमच्या घरात लेकरं वाटून घेत न्हाईत. म्हणून तर हे घर अजून एका चुलीवर हाय."

सृष्टीला मात्र अजून चड्डीचंच हसू आवरत नव्हतं. पोटाला हात लावून ती हसत होती. हसता हसता सहज म्हणाली, "पर तुमची चड्डी मागनं उसवलेली तुमाला कशी दिसली ओ?"

सगळे पुन्हा हसले. रविराजही हसला. मग त्याचं हसणं मध्येच थांबलं, आणि एकेक करत बाकीच्यांचंही.

"कुणीतरी सांगितलं असंल," तो म्हणाला.

"कुणी?"

"थोरल्या आईनं."

"मी?" हरणाबाई म्हणाल्या. "मी चड्डीचं कवाच सांगितलं न्हाई. ती तुझीच भर."

रविराजनं डोळे मिटले. ही गोष्ट त्यानं इतक्या वेळा सांगितली होती, पण सांगताना आपल्याला काय दिसतं इकडे कधी नीट पाहिलं नव्हतं. आता पाहिलं. स्लॅब उंचावर होता. मध्ये गढूळ पाणी होतं. पोराची पाठ दिसत होती, उसवलेली चड्डी दिसत होती. पोराचं तोंड काही दिसत नव्हतं. आणि स्लॅब हळूहळू लहान होत होता. आपण वासराजवळ असू, तर वासराचे डोळे दिसायला हवेत, कान दिसायला हवेत. ते काहीच का दिसत नाही?

सृष्टीला त्याचा चेहरा पाहून वाईट वाटलं. आपण उगाच बोललो असं वाटलं. पण एक प्रश्न तिच्या मनात मघापासूनच होता, आणि आता तो तोंडातून निघून गेला. "आत्या, राग मानू नका. तुमी तुमचं लेकरू वर ठिवून नावेत बसला कशा? मला असं कुणी म्हणलं तर माझा पायच उचलणार न्हाई."

क्रांतीनं दंडावरची बाही खाली ओढली.

हा प्रश्न तिला नवा नव्हता. एवढी वर्षं ती स्वतःला तो विचारत आली होती. पुरानंतर शाळेतल्या छावणीत ती तापानं फणफणली होती. कोण आलं, कोण गेलं, काही कळत नव्हतं. ताप उतरून ती उठली तेव्हा गोष्ट तयार होती आणि तिच्या वाट्याचा तुकडाही ठरला होता. दंडावर चावा होता, म्हणजे नावेत ती होती. रविराज वासराजवळ होता असं सगळे म्हणत होते, म्हणजे त्याला सोडून ती आली होती. सगळे त्याचं कौतुक करायचे, तिचं मोठं मन म्हणून तिचंही करायचे. तिला मात्र वाटायचं, आपल्यात आईपणच कमी आहे. नवरा गेल्यावरही रव्याच खाली राहिला तेव्हा तिच्या ओठांवर शब्द आले होते. पण जिनं पोराला एकदा पुरात सोडलं, तिनं आता कुठल्या तोंडानं बोलायचं? म्हणून ती चौकटीत बसून राहिली.

"एका घरात तुझं माझं कसलं…" लालासाहेब पुन्हा सुरू झाले.

"ते खरं हाय, मामा," सृष्टी म्हणाली. "पर थोरल्या आत्यांनी तरी त्यांच्या पोराला का धाडलं? दोघींनी दोघींची बदलून का घेतली? घाईत माणूस हाताला येतं ते घेतं. आन् हाताला आपलंच येतं की."

सगळ्यांनी हरणाबाईंकडे पाहिलं. स्लॅबवर शेवटपर्यंत त्याच होत्या. त्यांनाच माहीत असणार.

"असं काय बगताय माझ्याकडं?" त्या म्हणाल्या. "माझ्याजवळ पोर हुतं. वासराला मिठी मारून."

"कुठलं पोर, आई?" धैर्यशीलनं विचारलं.

"रव्या."

"बघ नीट."

"बघतीया की," त्या म्हणाल्या. "मला रव्याच दिसतोय. छावणीत ह्यो चार दिस जेवला न्हाई. आई तापानं पडलेली. पाण्याचा तांब्या समोर आणला तरी वरडायचा. मग मी ह्याला घास भरवताना सांगायची, रव्या बसला वासराजवळ, रव्या न्हाई भ्याला, खा बघू. पोराला भरवताना गोष्टीत त्याचंच नाव घालत्यात की. समद्याच बायका घालत्यात. आन् मग खायला लागला."

"म्हंजे खरं नाव दुसरं हुतं?" लालासाहेबांनी विचारलं.

"तसं कुठं म्हणतीया मी?" हरणाबाईंच्या डोळ्यांत पाणी आलं. "मला आता दुसरं कायच दिसत न्हाई ओ. मी लय वेळा सांगितलं. सांगून सांगून तेच बसलंय डोळ्यांत. धैर्या कुठं हुता, ते मला सापडंना झालंय."

धैर्यशील आईजवळ जाऊन बसला. त्याला आईची दया आली. आणि आपल्याला नेमकं काय वाटतंय तेही कळेना. गोष्टीतलं रडकं पोर म्हणून तो वाढला होता. तो रडका पुसून टाकायलाच भरती झाला होता. पलटणीत पहिल्यांदा पाण्यात उतरवलं तेव्हा त्याला वाटलं होतं, आता आपलं बिंग फुटणार. आणि काहीच झालं नाही. पाणी त्याला घरच्यासारखं वाटलं. त्याचं आश्चर्य त्यानं कुणाला सांगितलं नव्हतं, कारण गोष्टीत ते कुठंच बसत नव्हतं.

"मला एक इचित्र वाटायचं," तो हळूच म्हणाला. "नव्या वासराचा वास आला की माझं हात आखडत्यात. मिठी मारल्यागत. मला वाटायचं, रव्याची गोष्ट ऐकून ऐकून माझ्याच हाताला तो वास लागलाय."

बाहेर अंगणात कोंबड्या राख उकरत होत्या. लालासाहेबांनी डोक्यावरची टोपी काढली, पुन्हा घातली. ते चिडले होते, पण कुणावर चिडायचं ते ठरत नव्हतं. "म्हंजे एवढी वर्षं आमी गावभर खोटं सांगत फिरलो?"

"खोटं कशानं?" हरणाबाई म्हणाल्या. "पूर आला न्हवता व्हय? वासरू वाचलं न्हाई व्हय?"

"मग वासराला धरलं कुणी?"

"धरलं कुणीतरी घरातल्यानंच!"

"बरं, ते ऱ्हाऊ दे," लालासाहेबांनी हात झटकला. घरातला गुंता सुटेना की ते कामाकडे वळत. "जुन्या गोष्टी घिऊन बसायला उद्या माणूस थांबणार न्हाई. गोठा खाली बांधायचा तर पावसात खाली कोण ऱ्हाणार, एवढंच सांगा. धैर्या जाईल माघारी. मी हा असा गुडघ्यांनी गेलेला. रव्या, तू बोल. ऱ्हातोस का न्हाई?"

'ऱ्हातो की.' हे शब्द रविराजच्या जिभेवर आलेच होते. ते नेहमीच तिथं असायचे. वासराजवळच्या पोरानं म्हणायचे ते शब्द. पण ते पोर आता त्याला पाठमोरं दिसत होतं, दूर, पाण्यापलीकडे. त्यानं त्याच्याकडे पाहिलं, मग आपण कुठून पाहतोय इकडे पाहिलं. कुणाची तरी घट्ट मिठी होती. तोंडात ओल्या कापडाची चव होती.

"आबा, मला पाण्याचं भ्या वाटतं," तो म्हणाला. "लय वाटतं."

"आरं, काय बोलतोस? नदीकडं पाठ करून बसणारा गडी तू."

"बघवत न्हाई म्हणून पाठ करतो."

ज्या पुतण्याला लालासाहेब ओळखत होते, तो समोर बसलेला दिसत होता आणि दिसतही नव्हता. सृष्टीनं पदर तोंडाशी नेला. जे तिनं मागितलं होतं ते झालं होतं, पण हे असं होईल असं तिला वाटलं नव्हतं.

"भ्या कुणाला न्हाई?" अखेर लालासाहेब म्हणाले, आवाज जरा खाली आणून. "माणसानं भ्या धरून चालत न्हाई. आजवर निभावलंस की. अजून एक पावसाळा बघ, मग…"

चौकटीतून बांगड्या वाजल्या. क्रांती उठली. उंबरा ओलांडून ती सोप्यात आली, थोरल्या दिराच्या समोर येऊन उभी राहिली. डोक्यावरचा पदर खांद्यावर आला होता. तिचं लक्ष नव्हतं. ती आपल्या दंडाकडे पाहत होती, आणि दुसऱ्या हाताच्या बोटानं तो व्रण चाचपत होती.

"गोठा माळावर बांधा," ती म्हणाली.

"क्रांती, तू यात…"

"तवा मी ह्याला सोडला न्हवता, आबा. मांडीवर गच्च धरून नावेत बसली हुती. आता बी खाली सोडणार न्हाई."

तिचा आवाज चढला नव्हता. पण हरणाबाईंनी मान वर करून जावेकडे पाहिलं, आणि डोळे पुसून त्या तिच्या बाजूला जाऊन उभ्या राहिल्या. "माळावरच बांधा," त्या नवऱ्याला म्हणाल्या. धैर्यशील वडिलांचा फोन उचलून त्यांच्या हातात देऊन आला.

लालासाहेबांनी त्या फोनकडे पाहिलं. घर एका चुलीवर का आहे याचं त्यांचं जे उत्तर होतं, ते आज दुपारी हातातून गेलं होतं, आणि दोन्ही जावा तर एका ओळीत समोर उभ्या होत्या. त्यांना त्याचा मेळ लागेना.

"माळावर पाणी न्यायला लय पाईप लागंल," ते पुटपुटले, आणि फक्कीवाल्याचा नंबर शोधू लागले.

रविराज आईजवळ आला. लहान पोरानं पाहावं तसं त्यानं तिच्या दंडावरचा व्रण जवळून पाहिला. जत्रेत दरवर्षी पाहायचा, पण तो धैर्यादादाच्या दातांचा म्हणून.

"आई, लय जोरात चावलो हुतो व्हय?"

"रगात काढलं हुतंस रं माझं," क्रांती म्हणाली, आणि एवढ्या आनंदानं ती काही सांगत असलेली त्या घरात कुणी कधी ऐकली नव्हती.